छपराचा उतार

एन्कहाउझन,
मंगळवार, ४ मार्च २०२५

प्रिय योरिस,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. तिकडे डेन्मार्कला, तुमच्या आर्हुसमध्ये, परवा बर्फ पडल्याचं बातम्यांत दाखवलं, तेव्हा तू कान झाकून कामावर गेला असशील अशी मी मनाची समजूत घातली. इथे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. कुरकुरणारी माणसं जास्त जगतात असं शेजारची त्राइन म्हणते, आणि ती स्वतः शहाऐंशीची आहे. वाफ्यात क्रोकस आलेत. निम्म्यांवर तिचं मांजर झोपतं.

बातमी अशी, की मी घर विकायला काढलंय.

हे एक वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. पहिल्या कागदावर ते अगदी शेवटी आलं होतं, हवामानाच्याही खाली. तुझे बाबा म्हणायचे, आधी बी पेरावं, मग मातीचं कौतुक करावं. म्हणून या कागदावर ते वर आणलं.

कारण साधं आहे, जिना. तू लहानपणी त्याला शिडी म्हणायचास आणि बाबांना राग यायचा. जानेवारीत कपड्यांची टोपली घेऊन उतरताना तिसऱ्या पायरीपासून खालपर्यंत मी बसत बसत आले. मोडलं काही नाही. पण खाली बसल्या बसल्या मनात आलं, इथेच राहिले असते तर त्राइनला कळायला दुपार झाली असती, कारण पडदे मी उघडलेलेच होते. वाचनालयाच्या मागे तळमजल्याची छोटी घरं झालीत, दोन खोल्यांची. त्यातलं एक मला मिळालं. पुस्तक बदलायला चार मिनिटं लागतील.

आधी मी रीतसर एजंट बोलावला. चांगला माणूस होता, बूट पुसून आत आला. लाल उजेडाच्या यंत्रानं खोल्या मोजल्या आणि प्रत्येक खोलीत "वा!" म्हणाला, न्हाणीघरातसुद्धा. मग मागच्या स्वयंपाकघरात आला आणि त्या भिंतीपाशी थांबला. कुठली भिंत ते तुला सांगायला नको.

"इथे एक हात पांढरा मारून घ्या, बाई," तो म्हणाला. "आणि पुढे एखादं उंच झाड ठेवा. कुंडीतलं."

"भिंत ओली आहे," मी म्हटलं.

"ते मला दिसतंय. म्हणूनच झाड."

मला हसू आलं. तो नाही हसला. म्हणाला, "तुम्ही काही बोलायचंच नाही. माणसं आली की तुम्ही त्राइनकडे जाऊन बसा. जास्त बोलणारा मालक स्वतःच्या घराचा वैरी असतो. बघू दे, विचारू दे, उत्तरं मी देतो."

मी त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मग सांगितलं की मी माझं घर स्वतःच विकेन.

"स्वतः? बहात्तराव्या वर्षी?"

"बहात्तराव्या वर्षी नखंही मी स्वतःच कापते."

आता तू म्हणशील, आईनं आयुष्यात कोबीच्या बियांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापलीकडे काय केलं? खरं आहे. पण वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, आणि अडलेले शब्द वहीत उतरवून त्यांचे अर्थ काढले. बाबा गेल्यापासून मी असंच वाचते, हातात पेन्सिल घेऊन. दिसतं तेवढं अवघड नाही ते. घरांच्या वेबसाइटवर जाहिरात टाकून देणारे आहेत, ते दारावर लावायची पाटीही पाठवतात. फोटो त्राइननं काढले. दोघांत तिचा अंगठा आहे. करार नोटरी लिहून देतो. बाकी दार उघडणं, दाखवणं, बोलणं माझ्याकडे.

आणि दोन फॉर्म. एकावर घरातल्या वस्तूंची यादी आहे आणि पुढे तीन रकाने: जागेवर राहील, सोबत नेणार, हवं असेल त्याला देणार. टपालपेटी राहील. पडद्यांचे दांडे राहतील. मागच्या अंगणातली पाण्याची टाकी राहील, ती हलवायला आता कोण आहे? संध्याकाळभर फुल्या मारत बसले. मजा वाटली, आणि नाहीही वाटली. किल्ल्या किती, असं एका ओळीत विचारलंय. खिळ्यावर तीन आहेत. चौथी तुझ्याकडे. तो आकडा अजून लिहिलेला नाही.

दुसरा फॉर्म प्रश्नांचा. घराबद्दल जे जे माहीत आहे ते खरं लिहायचं, कायदाच आहे तसा. माहीत असून न सांगणं हे खोटं बोलण्यातच धरतात. नळ, वायरी, छप्पर, पाया, मी भराभर लिहीत गेले. सत्ताविसावा प्रश्न तेवढा कोरा ठेवलाय. घरात ओल आहे का, असल्यास कुठे, आणि कारण माहीत आहे का?

तुला घरातलं काही हवं असेल तर कळव. फोन केलास तरी चालेल. रविवारी मी घरीच असते, पूर्वीसारखी.

तुझी,
आई


एन्कहाउझन,
रविवार, १६ मार्च

प्रिय योरिस,

काल तुझा वाढदिवस झाला. अभिनंदन. कार्ड वेगळं पाठवलंय, ते या पत्राच्या आधी पोचलं असेल.

काल घर बघायला पहिली माणसं आली. तारीख मीच दिली होती, शनिवारी अकरा वाजता. पंधरा मार्च आहे हे लक्षातच राहिलं नाही, असं लिहिणार होते. लक्षात होतं. त्या दिवशी घरात कोणीतरी असावं म्हणूनच दिली.

पुस्तकात लिहिलंय, घर दाखवायच्या दिवशी केक भाजावा, वासानं माणसं विरघळतात. सफरचंदाचा केक मी पंधरा मार्चला तसाही भाजतेच. गेली तीन वर्षं तो मी आणि त्राइननं रोज एकेक तुकडा करून संपवला. म्हटलं, यंदा एका केकमध्ये दोन कामं. पुस्तकात असंही लिहिलंय की घरच्यांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे येणाऱ्याला तिथे स्वतःची माणसं दिसतात. तेही सगळे काढले. भिंतीवर त्यांचे चौकोन राहिले.

जोडपं तिशीतलं. फेना आणि टाइस. ती शाळेत शिकवते, तो बोटी दुरुस्त करतो. स्टेशनापासून वाऱ्यात सायकली मारत आले, म्हणून तिनं आल्या आल्या संडास विचारला. मी टाइसला पुढची खोली दाखवत होते. ती बाहेर आली ती दोन्ही हात पुढे करूनच.

"अभिनंदन, बाई! आज तुमच्या योरिसचा वाढदिवस!"

वाढदिवसाचं कॅलेंडर! घरातला एकूण एक फोटो काढला मी, आणि संडासाच्या दारामागचं कॅलेंडर तसंच. कोणाच्या लक्षात येणार ते? तुझं नाव तिथे बाबांच्या अक्षरात आहे, त्या जाड शाईच्या पेनानं लिहिलेलं, म्हणून लगेच डोळ्यांत भरतं.

टाइसनंही हात पुढे केला. "मुलाबद्दल अभिनंदन. आणि आम्ही नेमके आजच तडमडलो! तो येतोय ना?"

"दुपारी," मी म्हटलं. "लांबून येतो. जरा उशीर होईल."

हे असं तोंडातून गेलं, योरिस. अजिबात न अडखळता.

तेवढ्यात मागच्या दारानं त्राइन आली, हातात हायसिंथची कुंडी. "अभिनंदन, नेल!" वाढदिवसाच्या घरात ती एकालाही अभिनंदनाशिवाय सोडत नाही, तुला माहीत आहे. मग तिनं फेनाचा हात धरला. "तुमचंही अभिनंदन." मग टाइसचा. "आणि तुमचं. तुम्ही डेन्मार्कची का?"

"नाही हो, आम्ही घर बघायला आलोय."

"मग बसून बघा. उभ्यानं घर कळत नाही."

झालं. चार खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. मी मांडल्या असं म्हणवत नाही, त्या आपोआप गोल होतात त्या दिवशी. मी कॉफी आणली, एकेक तुकडा केक दिला. दोन परकी माणसं, एक शेजारीण आणि मी, सगळे मांडीवर बशी धरून तुझा वाढदिवस साजरा करत बसलो. त्राइननं त्यांना सांगितलं की तू सहा वर्षांचा असताना तिची कोंबडी रंगवली होतीस. निळी. ते इतके हसले की फेनाच्या बशीतला चुरा खाली सांडला.

टाइसचा केक संपला आणि तो रिकाम्या बशीकडे बघत राहिला. मी त्याला दुसरा तुकडा वाढला.

त्राइननं चष्मा खाली केला. "घर विकायचंय म्हणून दुसरा तुकडा! चाळीस वर्षांत मला कधी मिळाला नाही."

"तू घर घेणार आहेस का?"

"दुसऱ्या तुकड्याला घेतलं असतं."

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. टाइस त्या भिंतीपुढे उभा राहिला, तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बोटींवर काम करणारा माणूस आहे, लाकूड आणि पाणी यांचं भांडण त्याला कळतं.

"ही कशानं ओली होते?"

एजंटचं झाड मला आठवलं. त्राइन एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. मग मी सांगितलं. हे छप्पर नऊ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं आणि मुलानं मिळून घातलं. सपाट छपराला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा लागतो, तो उलटा पडलाय, घराकडे. पावसाचं पाणी पन्हळीत न जाता भिंतीशी येऊन थांबतं. मुलानं पहिल्याच दिवशी लेव्हल ठेवून नळीतला बुडबुडा कुठे सरकतो ते दाखवलं होतं. त्याचे बाबा म्हणाले, तीस वर्षं या घरात राहतोय, पाणी कुठे जातं ते मला शिकवू नकोस.

"आणि मग?" फेनानं विचारलं.

मग काय ते तुला माहीत आहे. मग प्रत्येक भेटीत तू आधी भिंतीकडे बघायचास आणि नंतर आमच्याकडे. आणि बाबा तू भिंतीकडे बघतोयस याकडे बघायचे. त्यांच्या सत्तरीला, सगळे गोल बसलेले असताना, तू म्हणालास, "निदान एकदा म्हणा, बाबा, की उतार चुकला." आणि ते म्हणाले, "पाहुणा म्हणून आलायस तर केक खा." तू कोट घेतलास. हे सगळं मी त्यांना नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की दोघंही हट्टी.

"म्हणजे तुमच्या मुलाचं बरोबर होतं," फेना म्हणाली.

"हो."

"मग त्याच्या बाबांनी कधी कबूल केलं का?"

मी विचारलं, अजून कॉफी कोणाला हवी?

ते एक वाजता गेले. जाताना टाइस म्हणाला, योरिसला आमच्याकडून शुभेच्छा द्या. त्या द्यायच्या होत्या, दिल्या.

त्राइन कप विसळायला थांबली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "दुपारी येतोय म्हणालीस."

"म्हणाले."

"येत नाहीये, ते मला ठाऊक आहे गं. का येत नाही, ते मी साडेतीन वर्षं विचारलेलं नाही."

"मग आजही विचारू नकोस."

"मी नाहीच विचारत. मी कप विसळतेय."

उरलेला केक मी डब्यात ठेवला. चार तुकडे उरले होते. संध्याकाळी फॉर्म काढला आणि सत्ताविसाव्या प्रश्नाखाली लिहिलं: होय. मागील स्वयंपाकघराची घराकडील भिंत. कारण माहीत आहे. छपराचा उतार उलट आहे. माझ्या मुलाने काम चालू असतानाच सांगितले होते. त्याचे बरोबर होते.

शेवटचं वाक्य फॉर्मला लागत नाही. तरी लिहिलं. हा फॉर्म कराराला जोडतात आणि नोटरीकडे कायमचा राहतो.

तुझी,
आई


एन्कहाउझन,
गुरुवार, ३ एप्रिल

प्रिय योरिस,

घर फेना आणि टाइसनं घेतलं. सोमवारी सह्या झाल्या. सह्या करण्यापूर्वी टाइस एकदा शिडी लावून छपरावर गेला, स्वतःची लेव्हल घेऊन. मी खाली शिडी धरून उभी होते. वरून ओरडला, "नेल, बुडबुडा बाहेर पळतोय, म्हणजे पाणी सरळ तुमच्या घरात!" उन्हाळ्यात ते छप्पर उचलून नवा उतार देणार आहेत. भिंत सुकायला वर्ष लागेल म्हणाला. लागू दे.

सही झाल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत तो काही कारण न देता मागे फिरू शकतो. विकणाऱ्याला ते दिवस नाहीत. त्यानं सही केली की केली. मी नोटरीला विचारलं, असं का? तो म्हणाला, बाई, विकणारा घराला आधीपासून ओळखत असतो.

आज त्यांचा तिसरा दिवस आहे. ते फिरतील असं मला वाटत नाही. काल फेना पडद्यांची मापं घ्यायला आली होती आणि योरिसला केक आवडला का, असं विचारून गेली. मी हो म्हटलं. ती गेल्यावर मी जिन्याच्या तळाशी जाऊन बसले, आणि ठरवलं की आता हे पुरे.

म्हणून हे पत्र. मागच्या दोन पत्रांत मी खऱ्या गोष्टीभोवती नुसती फिरले, तुझ्या लक्षात आलं असेल. तुला उतार लगेच कळतो.

तू बाबांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा मला एकच प्रश्न विचारलास. "किती दिवस होते?" मी म्हटलं, "दिवस कसले, झोपेत गेला. अचानक." नंतर सगळे कॉफी घेत होते आणि घरी यायची ती नर्स तुझ्या शेजारी येऊन म्हणाली, "बरं झालं हो, शेवटचे तीन दिवस ते इतके छान बोलत होते." बिचारीनं प्रेमानं म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस. कप खिडकीत ठेवलास आणि गेलास. तू मला पुन्हा काही विचारलं नाहीस. नाताळला तुझं कार्ड येतं, त्यावर नाव आणि तारीख असते.

तीन दिवस होते, योरिस. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आठवडे असतील किंवा दिवस असतील, मुलांना बोलवायचं असेल तर बोलवा. मंगळवारी सकाळी तुझ्या बाबांनी, माझ्या सीमनं, स्वतःच विचारलं, "पोराला फोन केलास?" मी म्हटलं, "करते." त्यानं मला बियांची जुनी यादी वाचायला सांगितली, कंपनीची, तो कामाला लागला त्या वर्षीची. मी त्याला कोबीची नावं वाचून दाखवली. लवकर येणारे, उशिरा येणारे, थंडी सोसणारे. तो प्रत्येकावर मान हलवायचा, ओळखीची माणसं भेटल्यासारखा. आयुष्यात मी त्याला काही वाचून दाखवलं नव्हतं. त्याआधी मी कधी मोठ्यानं वाचलंच नव्हतं.

बुधवारी जेवण झाल्यावर म्हणाला, "नेल, उतार चुकलाय."

मी म्हटलं, "कसला उतार?" मला कळलं होतं.

"छपराचा. त्यानं बुडबुडा दाखवला तेव्हाच मला दिसला होता. तेव्हाच. पण पत्रे ठोकून झाले होते, आणि तो खाली उभा राहून हसत होता." मग म्हणाला, "तो हसत नव्हता बहुतेक. उन्हामुळे मला तसं वाटलं असेल. त्याला येऊ दे, मी सांगतो त्याला."

"करते फोन," मी म्हटलं.

गुरुवारीही त्यानं विचारलं. दोनदा. मी म्हटलं, "केलाय, येतोय. लांबून येतो, जरा उशीर होईल."

बघ, हे वाक्य मी पंधरा मार्चला पहिल्यांदा नव्हतं म्हटलं. म्हणूनच अडखळले नाही.

तो म्हणाला, "मग जरा दाढी करून दे." मी करून दिली. शुक्रवारी पहाटे तो गेला. झोपेत गेला, तेवढं मी तुला खरं सांगितलं होतं.

का नाही केला फोन? साडेतीन वर्षांत मी बरीच कारणं जमवली. तुम्ही दोघं पुन्हा भांडाल. डॉक्टर आठवडे म्हणाले होते. सत्तरीच्या दिवशी दारातून जाताना तू मलाही म्हणालास, "तूही कधी काही बोलत नाहीस, आई," ते मला लागलं होतं. ही सगळी खरी आहेत, पण यांपैकी एकही खरं कारण नाही. फोन मंगळवारी माझ्या हातात होता, तुझा नंबरही लावला होता. पण तुला "ये" म्हणणं म्हणजे तो जाणार हे मीच म्हणणं. आणि दुसरं, ते आता लिहून टाकते. त्या तीन दिवसांत तो फक्त माझा होता. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो कामावर नव्हता, वाफ्यात नव्हता, कोणावर चिडलेला नव्हता. मी वाचत होते आणि तो ऐकत होता. ते मला कोणाला द्यायचं नव्हतं, तुलासुद्धा नाही. मला वाटलं, शुक्रवारी करीन.

त्यात तुझाही वाटा होता. तो मी घेतला आणि वर तुला सांगितलं की वाटण्यासारखं काही नव्हतंच.

तो दाढी करून तुझी वाट बघत होता. हे तुला माहीत असायला हवं होतं. त्याला वाटत होतं तू येतोयस. तू आला नाहीस असं त्यानं कधीच धरलं नाही, माझ्या खोटेपणातून एवढं एक तरी बरं निघालं. पण तुझ्या बाजूनं बघितलं तर तुला काय मिळालं? ओली भिंत, आणि बापानं कबूल केलंच नाही हा समज. तो मी तुझ्याजवळ राहू दिला. माहीत असून न सांगणं हे काय असतं, ते मी त्या वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं नाही. तिथे फक्त ते छापलेलं बघितलं.

मी क्षमा मागतेय. कशी मागतात ते मला पुस्तकात सापडलं नाही, म्हणून अशीच, साधी मागते.

तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. दोन-चार कामाच्या गोष्टी तेवढ्या लिहिते. वस्तूंची यादी पूर्ण झाली. कॅलेंडर सोबत नेणार. बियांची यादीही सोबत, आणि तुला हवी असेल तर ती तुझी आहे. बुधवारी वाचलेल्या पानावर सीमच्या चहाचा डाग आहे, म्हणजे तुला पान सापडेल. किल्ल्यांच्या ओळीत मी चार लिहिलंय.

घर सोडायचं ते शुक्रवारी, २३ मे रोजी. सकाळी साडेनऊला फेना आणि टाइस शेवटचं घर फिरून बघतील, साडेदहाला नोटरीकडे सगळ्या किल्ल्या द्यायच्या. चौथी टपालानं आली तर मी ती पाकिटातून काढून इतर तिन्हींत ठेवीन आणि तुझ्यावर एका शब्दानंही रागावणार नाही. तो मला मिळालेला जबाब समजेन.

पण त्या आधी कधीही, कुठल्याही दिवशी, ती किल्ली या दाराला लागते. मी घरात असले तरी घंटा वाजवू नकोस. दार ओलीनं फुगलंय, किल्ली फिरवल्यावर जरा वर उचलून ढकल. तुला माहीत आहे.

फोन न केलेली,
तुझी आई